खडू झालेला लाल: जुन्या फेरारीचा रंग परत आणताना

बॉनेटवरून बोट फिरवलं आणि बोटाला गुलाबी भुकटी लागली. १९७९ ची फेरारी ३०८ जीटीएस, शारजाच्या एका गोदामात पत्र्याच्या शेडखाली नऊ वर्षं उभी. मूळ रंग रोस्सो कोर्सा, म्हणजे फेरारीचा तो ठरलेला लाल. समोर उभी होती ती मात्र पावसात भिजून उन्हात वाळलेल्या मांडवाच्या पताकेसारखी. मालकांना आधी दोन दुकानांनी सांगितलं होतं, सगळा रंग खरवडून नव्याने मारावा लागेल. एका ठिकाणी सिरॅमिक कोटिंगचं, म्हणजे रंगावर काचेसारखा कडक थर चढवायचं, कोटेशनही तयार होतं. मी म्हटलं, चार दिवस द्या, त्यात नाही जमलं तर रंगवायचं बघू.

मी मूळचा डेंटिंग-पेंटिंगवाला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हात बसला, मग इकडे आखातात येऊन डिटेलिंगला, म्हणजे गाडी कसून धुऊन, पॉलिश करून रंग उजळायच्या कामाला लागलो. रंग मारणाऱ्या माणसाला रंग किती पातळ असतो ते ठाऊक असतं, म्हणून पॉलिशचं मशीन हातात घेताना तो जरा घाबरतो. ही भीती कामाची आहे. जुन्या महागड्या गाडीवर काम करताना एकच हिशेब डोक्यात ठेवायचा: रंग ही शिल्लक आहे, प्रत्येक पॉलिशने त्यातून थोडी रक्कम काढली जाते आणि परत भरता येत नाही.

आधी रंगाची जात ओळखा

आजच्या गाड्यांवर रंगाचा थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअर कोट असतो. खराब झालेला दिसतो तो बहुतेक वेळा क्लिअर कोट. त्या काळातल्या साध्या, म्हणजे मेटॅलिक नसलेल्या रंगांना असा वरचा थर नसायचा. रंग आणि चमक एकाच थरात, ज्याला आपण सिंगल स्टेज म्हणतो. ऊन लागलं की रंगद्रव्याला धरून ठेवणारं रेझिन वरच्या वर कुजतं, रंगाचे कण मोकळे होतात आणि भुकटी बनून बसतात. बोटाला लागते ती हीच. खाली चांगला रंग शिल्लक असतो, म्हणून अशी गाडी दिसते त्यापेक्षा बरी असते.

ओळखायला सोपं. दाराच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी पांढऱ्या फडक्यावर थेंबभर बारीक पॉलिश घेऊन चोळा. फडक्यावर गाडीचाच रंग आला तर सिंगल स्टेज. नुसता काळपट-पांढरा मळ आला तर क्लिअर कोट. माझ्यासोबत साताऱ्याचा एक मुलगा काम करतो. त्याने पहिल्यांदा फडका उलटून बघितला आणि म्हणाला, "दादा, गाडीला रक्त आलं." म्हटलं, "रक्त नाही रे, पण किती सांडायचं ते आपणच ठरवायचं."

क्लिअर कोटवाल्या गाडीवर, समजा २००० नंतरच्या लॅम्बोर्गिनीवर, कांद्याच्या पापुद्र्यासारखा थर सुटायला लागला असेल तर पॉलिशने काही होत नाही. तिथे रंगकामच. कडेने सुटलेला पापुद्रा मशीनने घासून सपाट करतो म्हणणाऱ्याच्या हातात गाडी देऊ नका.

मग जाडी मोजा, सगळीकडे

जाडी मोजायचं मीटर नसेल तर हे काम घेऊ नये असं माझं मत आहे. स्वस्त मीटर फक्त लोखंडी पत्र्यावर चालतं. ३०८ चं अंग स्टीलचं, पण पुढचं बॉनेट अॅल्युमिनियमचं. म्हणून दोन्ही धातूंवर चालणारं मीटर लागतं, नाहीतर बॉनेटवर ते गप्पच बसेल. आणि गाडी ३०८ जीटीबी, म्हणजे बंद छपराची, त्यातही १९७५ ते ७७ मधली सुरुवातीची असेल तर तिचं अंग फायबरग्लासचं असतं. तिथे ही दोन्ही मीटरं निरुपयोगी, अल्ट्रासॉनिक मीटरच हवं. या गाड्यांचं डिझाइन पिनिनफरीनाचं आणि बॉडी मोदेनाच्या स्काल्येत्तीच्या कारखान्यातली. त्यामुळे हाताच्या कामाचा फरक आकड्यांत दिसतो. एकाच दारावर वर १०५ आणि खाली १३५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आले तर दचकू नका.

प्रत्येक पॅनेलवर पाच-सहा ठिकाणी मोजा आणि आकडे मास्किंग टेपच्या तुकड्यांवर लिहून तिथेच चिकटवा. आमच्या गाडीवर बॉनेट ११० ते १३० भरलं, म्हणजे मूळ रंग असावा. डावं दार २८०, म्हणजे कधीतरी परत रंगवलेलं. उजव्या मागच्या मडगार्डच्या खालच्या कोपऱ्यात आकडा ९०० च्या वर गेला, म्हणजे आत लांबी (पुट्टी) भरलेली. मालकांना माहीत नव्हतं. मी सांगितलं, त्यांनी फक्त मान हलवली. असं काही सापडलं तर कामाआधीच सांगावं, नंतर सांगितलं तर ती आपली सबब वाटते.

कडांवर आणि घडीच्या रेषांवर रंग नेहमी पातळ असतो. आमच्याकडे पुढच्या मडगार्डच्या धारेवर ६५ आला. हा आकडा मी लाल पेनने लिहिला. उद्यमनगरात एकोणिसाव्या वर्षी मी एका काळ्या कॉन्टेसा गाडीच्या मडगार्डच्या कडेवर रोटरी (एकाच जागी गरगर फिरणारं) मशीन दोन सेकंद जास्त टेकवलं होतं. खालचा करडा प्रायमर डोळ्यांसमोर उघडा पडला. मेस्त्री एक शब्द बोलले नाहीत, पण ते मडगार्ड माझ्याकडूनच रंगवून घेतलं आणि त्या महिन्याच्या पगारात मला त्याची किंमत कळली. तेव्हापासून कडेला मशीन नाही, बोटाने फडका.

आकड्यांचा हिशेब ढोबळ असा: बारीक पॉलिशचा एक फेरा साधारण मायक्रॉनभर किंवा त्याहूनही कमी घेतो, कंपाउंड (जास्त कापणारं जाड पॉलिश) आणि जाड पॅडने दोन ते चार मायक्रॉन सहज जातात. ११० मधला बराच भाग खालच्या प्रायमरचा असतो, हे विसरायचं नाही.

धुताना मागच्या जाळीकडे लक्ष

धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसायची नाही, हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे, तरी मालक स्वतःच पुसतात. नऊ वर्षांची वाळू म्हणजे वॉटर पेपर, घासकागदच. आधी मंद धारेने वाळू उतरवा, मग फोम, तो पाच मिनिटं भिजू द्या, मग दोन बादल्यांनी धुवा. एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात झटकायचा. शाम्पू न्यूट्रल घ्या. भांड्यांचा साबण नको, तो रंगातलं राहिलंसाहिलं तेलही काढतो.

३०८ चं इंजिन सीटच्या मागे, आणि त्याच्या झाकणावर काळ्या पट्ट्यांची जाळी. १९७९ च्या गाडीत खाली चार वेबर कार्ब्युरेटर. प्रेशर वॉशर तिकडे रोखला तर पाणी सरळ इग्निशनवर. आम्ही जाळीवर प्लास्टिक टाकून, तिथे फक्त ओलसर फडका वापरला. रंग जिथे तडकलाय किंवा फुगलाय तिथेही प्रेशर नको, एका फवाऱ्यात खपली निघते. पुढचे दिवे आत मिटणारे, वर उघडणारे असतात. ते आधीच वर काढून ठेवा, नाहीतर त्यांच्या खाचेत मळ तसाच राहतो आणि पॉलिश करताना पॅडला लागतो.

लोखंडाचे कण काढणारं जांभळं होणारं केमिकल सिंगल स्टेजवर मी सहसा वापरत नाही, वापरलंच तर एका कोपऱ्यात बघून. डांबराचे ठिपके मात्र काढावेच लागतात. क्ले बार (चिकटलेला मळ ओढून घेणारी मातीसारखी वडी) सगळ्यात मऊ घ्या, भरपूर पाणी मारा, जोर न लावता फिरवा. क्ले लाल होईल. दर दोन फुटांनी घडी घालून नवी बाजू वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर तो गेला, कितीही महाग असला तरी.

तेल पाजा, घाई करू नका

इथे बहुतेक जण चुकतात. खडू झालेल्या रंगाला सरळ कंपाउंड लावतात, पॅड लाल होतो, चमक येते आणि तीन महिन्यांत परत खडू. कारण कोरडा रंग कापून काढला, खालच्याला काही दिलं नाही.

सिंगल स्टेजवर आधी तेलकट ग्लेझ मुरवायची पद्धत जुनी आहे. मेग्वायर्सची सात नंबरची शो कार ग्लेझ यासाठी डिटेलिंगवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. तिच्यात कापणारे कण नाहीत, तेल भरपूर. जाड टर्किश टॉवेलचा चौकोनी तुकडा घ्या, त्यावर ग्लेझ सढळ हाताने, आणि जोर लावून चोळा, अगदी पुरणाला पाटा-वरवंटा लावल्यासारखं. टॉवेलचे दोरे वरची भुकटी उचलतात, तेल आत शिरतं. मग वर जाड थर लावून तसाच रात्रभर ठेवा. गाडी ओलसर, तेलकट, ओंगळ दिसते. दिसू द्या. सकाळी पुसा, फडका गडद लाल निघेल. परत लावा.

आम्ही दोन रात्री ठेवलं. दुसऱ्या सकाळी मुलाने बॉनेटच्या मधोमध फडका ओढला आणि मागे एक खरी लाल पट्टी उमटली, शेजारचा भाग अजून गुलाबीच. मशीन लावायच्या आधीच अर्धं काम झालेलं असतं, ते असं. थंडीच्या दिवसांत ग्लेझ घट्ट होते, तेव्हा पॅनेल हाताला कोमट लागेल इतपत गरम असलेलं बरं. उन्हात मात्र नको.

हातमोजे घाला आणि नाक-तोंड झाका. जुन्या लाल-पिवळ्या रंगांत शिसं असू शकतं. लाल झालेले फडके घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत.

चौकट आखा, मग मशीन

दिसत्या जागी टेप लावून साधारण दीड फूट बाय दीड फूटची चौकट करा. तिथे सगळ्यात सौम्य जोडीपासून सुरुवात: मऊ फोम पॅड आणि बारीक पॉलिश. चार-पाच फेरे मारून बल्बच्या झोतात बघा. पुरेसं झालं तर पूर्ण गाडीला तेवढंच. नाही झालं तर मध्यम पॅड, तरी नाही तर मध्यम पॉलिश. लोकरी पॅड आणि जाड कंपाउंड ही शेवटची पायरी, आणि तीही फक्त तिथे जिथे मीटर परवानगी देतं. आमच्या गाडीवर मध्यम फोम आणि बारीक पॉलिशवर भागलं. परत रंगवलेल्या डाव्या दाराला एक पायरी जास्त लागली, तिथला रंग नवा आणि कडक.

मशीन ड्युअल अॅक्शन, म्हणजे फिरता फिरता हेलकावणारं घ्या. रोटरी लवकर कापतं खरं, पण एका जागी तापतं आणि पुढे उन्हात गोल-गोल छटा दिसतात त्या त्याच्याच. पॅडवर तीन-चार थेंब, आधी मंद वेगात पसरवा, मग मध्यम वेग. मशीन सेकंदाला दोन-तीन सेंटीमीटर सरकेल इतकं सावकाश चालवा, दर ओळ आधीच्या ओळीवर अर्धी चढलेली. एकदा आडवं, एकदा उभं. जोर मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. मध्येच हाताची पाठ पॅनेलला लावा. चटका बसला तर थांबा. अॅल्युमिनियमचं बॉनेट स्टीलपेक्षा वेगळं वागतं, त्यामुळे तिथे दाराचा अंदाज धरून चालू नका, हात लावून बघत राहा.

सिंगल स्टेजवर पॅड पटकन भरतो. एका चौकटीनंतर ब्रशने झटका, दोन चौकटींनंतर पॅड बदला. पूर्ण गाडीला आम्हाला चौदा पॅड लागले. पाचात भागवतो म्हणणारा मृत रंगच परत गाडीवर चोळत असतो.

मशीनच्या आधी टेप कुठे लावायचा ते विसरू नका: सगळ्या कडा, रबर, बॅज, जीटीएसचं खडबडीत काळं छप्पर, मागच्या काचांवरच्या पट्ट्या. त्या खडबडीत काळ्यावर पॉलिश सुकलं तर पांढऱ्या रेषा बसतात आणि दात घासायच्या ब्रशने तासभर घासत बसावं लागतं. मी बसलोय.

काय सोडून द्यायचं

नखाने ओरखडा अडतो का बघा. अडला तर तो पॉलिशने जात नाही. त्याच्या कडा थोड्या गोल करता येतात, मग तो उजेडात कमी चमकतो. तेवढ्यावर थांबा. २००० किंवा ३००० च्या वॉटर पेपरने घासून सपाट करायचा मोह होतो. नव्या, जाड रंगावर ते चालतं. १०५ मायक्रॉनच्या मूळ रंगावर मी कधी करत नाही, मालकाने आग्रह केला तरी.

पक्ष्याच्या विष्ठेने खोल गेलेले डाग अर्ध्यापर्यंत उतरतात. जाळीसारखे बारीक तडे गेले असतील तर पॉलिश तिथे अडकून पांढरं दिसतं, तिथे नुसती ग्लेझ हाताने. फुगलेल्या जागी खाली गंज आहे, तो डिटेलिंगवाल्याचा विषय नाही.

नाकावर दगड लागून पडलेल्या खड्ड्यांना टचअप. मूळ कोडप्रमाणे तयार केलेला रंगही पन्नाशीकडे झुकलेल्या गाडीवर जुळत नाही, कारण गाडीचा लाल एवढ्या वर्षांत सरकलेला असतो. म्हणून पॉलिश आधी, टचअप नंतर. मग जुळवायला खरा रंग समोर असतो. टूथपिकच्या टोकाने अगदी थोडा रंग, खड्ड्याच्या बाहेर जाऊ न देता. सुकू द्या, बसला की परत. एका खड्ड्याला तीन-चार वेळा. घाईने एकाच थेंबात भरला तर कायमचा फोड दिसतो. पुढच्या बंपरजवळ आम्ही सव्वीस खड्डे भरले आणि उरलेले छोटे तसेच सोडले. चार फुटांवरून कुणाला दिसत नाहीत, आणि चार फुटांपेक्षा जवळ येणारा माणूस गाडी विकत घेणारा असतो, त्याला मूळ रंग जास्त आवडतो.

वर काय लावायचं

इथे माझं मत बाजाराच्या उलट आहे. सिरॅमिक कोटिंग चांगलं असतं, नव्या क्लिअर कोटवर. ते बसायला पृष्ठभाग कोरडा, तेलविरहित लागतो, म्हणजे अल्कोहोलने कसून पुसायचं. आपण दोन रात्री जे तेल पाजलं ते सगळं काढून मग त्यावर काच बसवायची, याला काय अर्थ? सिंगल स्टेजवर साधं कार्नोबा वॅक्स लावा. ब्राझीलमधल्या ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानांवरचं मेण ते, लाल रंगाला खोली देतं. पातळ थर, दहा-पंधरा मिनिटं, मऊ फडक्याने पुसा, दुसऱ्या दिवशी परत एक. आखातातल्या उन्हात दोन महिने टिकतं असं धरून चाला. मुंबई-गोव्याच्या दमट हवेत गाडी झाकून ठेवत असाल तरी कव्हर श्वास घेणारं हवं, प्लास्टिकची ताडपत्री नको. आत वाफ धरते.

ग्लेझचं तेल बारीक ओरखडे तात्पुरते बुजवतं. म्हणून मशीनचं काम खरंच झालंय का हे बघायला एका चौकटीवर पाण्यात थोडं अल्कोहोल घालून पुसून बघावं, पण एकाच चौकटीवर, आणि नंतर तिला परत तेल द्यावं. सबंध गाडी पुसायची गरज नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी परत मोजलं. बॉनेट १०८ ते १२८. दोन मायक्रॉन खर्ची पडले. मीटरमध्ये एवढा फरक नेहमी असतोच, म्हणून दोनच्या जागी तीन धरले आणि मालकांना वहीत लिहून दिलं, तारखेसह. पुढच्या वेळी कुणी मशीन लावायला आला तर त्याने आधी ती वही वाचावी.

त्यांना एवढंच सांगितलं की धुताना पांढराच फडका वापरा. तो पांढरा राहतोय तोवर वॅक्स आहे. ज्या दिवशी तो गुलाबी निघेल, त्या दिवशी मला फोन करू नका, डबा उघडून स्वतः वॅक्स लावा. डबा मी पुढच्या डिकीत ठेवलाय, स्पेअर टायरच्या बाजूला, फडक्यात गुंडाळून.